पॉइंट बहात्तरचा घोळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हे सांगायला घेतलं की मलाच दम लागतो, आणि मध्येच तुम्ही विचारणार, "अहो, पण तुम्ही खरं काय ते लोकांना सांगितलं का नाही?"

सांगितलं हो! ज्याला त्याला सांगितलं. तिथेच तर घोळ झाला.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. मी मोजणीवाला. म्हणजे आता निवृत्त मोजणीवाला. उभी नोकरी मुळशी तालुक्यात जमिनी मोजण्यात गेली. उन्हात बांधावर उभं राहायचं, एका अंगाला थोरला भाऊ, दुसऱ्या अंगाला धाकटा, दोघांच्या बायका दोन वेगवेगळ्या झाडांखाली, आणि मधे मी. हद्दीचा दगड कुठेही रोवा, एकाच्या मते तो चुकलेलाच. निवृत्तीला शाल-नारळ मिळाला तेव्हा मनात म्हटलं, सुटलो. आता जन्मात कुणाच्या जमिनीकडे बघणार नाही.

सुटतोय कसला! आम्ही राहतो पुण्याजवळ सूसला, सोसायटीत. तिथला वॉचमन नेरे गावचा. गेट उघडायच्या आधी विचारतो, "साहेब, चुलत्यानं बांध कोरलाय, काय करावं?" उत्तर मिळेपर्यंत गेट उघडत नाही. लग्नात माझ्या हातात अक्षता असतात आणि समोरचा खिशातून सातबारा काढतो. एकदा दाढ काढायला गेलो. तोंडात कापूस कोंबलेला. डॉक्टर म्हणाले, "भूगावला एक प्लॉट बघतोय, नकाशा दाखवू का?" आता कापूस कोंबलेला माणूस नाही कसं म्हणणार?

तर असा मी पार वैतागून गेलेलो असताना वसंता मदतीला धावला. वसंता माझा जुना दोस्त. पौडला त्याचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले तसा त्यानं तो बंद केला. मला म्हणाला, "जमिनी बघून बघून तुझे डोळे मातीच्या रंगाचे झालेत. आता जरा माणसांकडे बघ. रोल घालायचा जुना कॅमेरा घे. रेंजफाइंडर घे. तुझ्या स्वभावाचा आहे."

आणि खरंच माझ्या स्वभावाचा निघाला! ह्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचंच नसतं. वर कोपऱ्यात एक छोटी काचेची खिडकी असते, तिला डोळा लावायचा. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्याला पॅच म्हणतात. त्या पॅचमध्ये समोरचा माणूस डबल दिसतो. भिंगाची कडी फिरवत दोन्ही माणसं एकमेकांवर आणली, एकात एक मिसळली, की फोकस जमला. म्हणजे दोन बाजू समोरासमोर आणून जुळवायच्या! मी आयुष्यभर दुसरं काय केलं? फक्त इथे त्या जुळतात, एवढाच फरक.

पण घेताना एक गोष्ट ठरवावी लागते. त्या खिडकीतून जग केवढं दिसतं ह्याचा एक आकडा असतो. आकडा पॉइंट पंच्याऐंशी असला तर माणूस जवळजवळ असतो तेवढाच दिसतो, फोकस अचूक लागतो, पण आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना खिडकीच्या कडाच दिसत नाहीत. पॉइंट अठ्ठावन्न असला तर सगळं लहान दिसतं, पण ऐसपैस, चारी कोपऱ्यांपर्यंत. आणि पॉइंट बहात्तर म्हणजे दोघांच्या मधला. एकदा कॅमेरा घेतला की आकडा बदलत नाही. बायकोसारखंच, असं वसंता म्हणतो. माझी बायको शुभा त्यावर म्हणते, "नवऱ्यासारखंच."

वसंताच्या ओळखीतल्या एक बर्वेबाई लवासाला राहायच्या. त्यांचे यजमान वारले होते आणि यजमानांच्या कपाटात तिन्ही आकड्यांचे तीन कॅमेरे होते. बाई म्हणाल्या, एक घ्या, कुठलाही घ्या, पण वापरणार असलात तरच घ्या.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. आता ऐका.

लवासाच्या घाटाखाली एक वाडी आहे. तिथे रस्त्याला लागून आप्पांची चहाची टपरी, आणि टपरीमागे डोंगराला टेकलेलं आप्पांचं शेत. त्यांची मोजणी मीच केली होती. मोजणीच्या दिवशी मी कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. एकाकडे प्यालो की दुसरा म्हणणार, साहेब फितला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा तिकडे गेलो तर आप्पा म्हणाले, "आता प्या की सायेब. आता कुनाचं भ्याव हाय?" तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी मी त्यांच्या बाकावर असतोच.

त्या दिवशीही होतो. आणि वसंताचा फोन आला.

वसंताला ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे त्याच्याकडे, पण ते तो फक्त लग्नकार्याला घालतो. त्यामुळे त्याच्याशी बोलायचं म्हणजे खोऱ्यातल्या समस्त जनतेशी बोलायचं.

"काय ठरवलंस?" त्यानं विचारलं.

"पॉइंट बहात्तर!" मी ओरडलो.

"किती?"

"बहात्तर रे, बहात्तर! तसं बाईंकडे अठ्ठावन्न पण आहे आणि पंच्याऐंशी पण आहे! तिन्ही विकायचेत त्यांना! हो, मालक वारले ना! आता बाईच बघतायत सगळं!"

"पॅच बघितलास का?"

"पॅच क्लिअर आहे म्हणाल्या! पण मी स्वतः बघितल्याशिवाय घेणार नाही! मला कडेपर्यंत दिसलं पाहिजे! चारी हद्दी दिसल्या पाहिजेत!"

हे 'हद्दी' मी का म्हणालो? कडा म्हणता आलं असतं, कोपरे म्हणता आलं असतं. पण तीस वर्षांची जिभेची सवय. गेली ती हद्दीवर.

"कुणाला बोललास का?" वसंतानं विचारलं. त्याला म्हणायचं होतं की दुसरं गिऱ्हाईक येईल.

"नाही नाही! फक्त शुभाला माहीत आहे! गुपचूप उरकून टाकू!"

शेजारच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ भजी खात बसले होते. त्यांचा हात भज्यासकट हवेतच थांबलेला मी बघितला होता. मला वाटलं, भजं गरम असेल.

ते पोपटशेठ होते. जमिनीचे एजंट.

आता तुम्ही मुळशीतले नसाल तर तुम्हाला सांगायला हवं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टरमध्ये लिहितात. शून्य पॉइंट बहात्तर म्हणजे बहात्तर आर, पावणेदोन एकराच्या आतबाहेर. आमच्या तालुक्यात 'पॉइंट बहात्तर' म्हटल्यावर दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येतच नाही. लहान पोराला विचारा, तेही म्हणेल, "कुनाचं?"

पोपटशेठनी तोच प्रश्न स्वतःला विचारला. पॉइंट बहात्तर, मालक वारलेले, बाई विकतायत. कुणाचं? आणि उत्तर टपरीच्या पाठीमागेच होतं! आप्पांचा चुलतभाऊ वारलेला. त्याची बायको पुण्यात मुलाकडे. तिच्या नावावर आप्पांच्या शेताला लागून जमीन. किती? तुम्हीच सांगा किती!

खुद्द मोजणीवाले साहेब गुपचूप जमीन घेतायत. म्हणजे तिथून काहीतरी जाणार. रस्ता जाणार, नाहीतर धरण तरी होणार. साहेबांना आतलं माहीत असणार. झालं!

पहिला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी दात घासत होतो.

"साहेब, ते पॉइंट बहात्तर फायनल झालं का?"

मला वाटलं, वसंतानं सांगितलेला कुणी छंदवाला असेल. बरं वाटलं हो मला! म्हटलं, चला, तालुक्यात एक तरी रसिक आहे. "अजून नाही," मी उत्साहानं सांगितलं, "मन अठ्ठावन्नाकडे पण जातंय. चष्मा आहे ना मला."

पलीकडचा माणूस खाकरला. मग आवाज आला, "चष्म्याचं काय बी अडत न्हाई साहेब, सही मी दाखवीन तिथं करा."

मग फोन थांबेचनात. एकाला पंच्याऐंशीत निम्मी भागीदारी हवी होती. एक जण म्हणाला, अठ्ठावन्न तुम्ही घेऊ नका, त्याला रस्ता नाही. कॅमेऱ्याला रस्ता नाही! एव्हाना माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. मी स्पष्ट सांगायला लागलो, "अहो, कॅमेरा! कॅमेऱ्याच्या खिडकीचा आकडा आहे तो!"

"व्हय व्हय," पलीकडचा समजूतदारपणे म्हणायचा. "फोनवर न्हाई बोलायचं. कळलं."

शुभा मंडईतून आली ती पिशवी आपटतच. "भाजीवाली मला पेढे मागतीय. तुम्ही डोंगर घेतला म्हणे."

"सांगायचंस ना, कॅमेरा आहे म्हणून!"

"सांगितलं. ती म्हणाली, लपवा, लपवायलाच पाहिजे." शुभा पंख्याखाली बसली. "अहो, तीस वर्षांत तुम्ही एक गुंठा घेतला नाहीत म्हणून माझ्या माहेरचे मला हसले. आता घेतला नाहीये तर लोक पेढे मागतायत. मी दमले बाई."

मी तरी काय ताजातवाना होतो? पण तुम्हाला खरं सांगतो, त्या फोनांचं मला एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते आप्पांचं.

बर्वेबाईंकडे जायचा दिवस ठरला. गाडी काढली. पिरंगुट सोडलं तसं आरशात बघतो तर मागे एक पांढरी मोठी गाडी आणि दोन मोटरसायकली. मी हळू, ते हळू. मी लघवीला थांबलो, तेही थांबले. माणसानं किती सहन करायचं?

आप्पांच्या टपरीवर थांबलो. नेहमीच्या बाकावर बसलो. आप्पा फडक्यानं बरणी पुसत राहिले. चहा टाकला नाही, विचारलंही नाही.

"आप्पा, काय झालं?"

"काय न्हाई."

"बोला की."

बरणी खाली ठेवून ते म्हणाले, "सायेब, तुमी घ्या जमीन. तुमचा पैका, तुमचा अधिकार. फकस्त वाट तेवडी ठेवा. आमची शेताची वाट त्या बहात्तरातनंच जातीया. पाण्याला बी तितनंच जावं लागतंय. कुंपान घातलं तर आमी कुटनं जायाचं?"

ह्या माणसानं माझ्या एका शब्दावर हद्दीचा दगड मान्य केला होता. भाऊबंदांशी भांडण मिटवलं होतं. आणि तो आज मला विनवत होता.

"आप्पा, शपथेवर सांगतो, मी कॅमेरा घ्यायला चाललोय. तुमच्या पुण्याच्या वहिनींना विचारा ना."

"इचारलं की. ती न्हाई म्हनली."

"मग?"

"मंग काय! न्हाई म्हनली म्हंजी नक्की हाय."

मी उठलो. "येताना कॅमेराच घेऊन येतो. तुमच्या हातात देतो. मग तर पटेल?"

आप्पांनी फडकं उचललं. पांढरी गाडी थोड्या अंतरावर उभी होती. पोपटशेठनी खिडकीतून मला नमस्कार केला.

लवासाला बर्वेबाईंच्या इमारतीत एकच घर राहतं होतं, ते त्यांचं. बाई प्रेमळ. गॅलरीत टेबल मांडून तिन्ही कॅमेरे ओळीनं ठेवलेले. "इथून उजेड छान आहे," म्हणाल्या. "समोरचा डोंगर बघा, तळं बघा, घाई करू नका."

मी एकेक कॅमेरा डोळ्याला लावून समोरचा डोंगर बघायला लागलो. पंच्याऐंशीतून डोंगर मोठा, पण कडा गायब. बहात्तरातून बरा. अठ्ठावन्नातून... अहाहा! सगळं खोरं एका नजरेत. मी डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, पुन्हा बहात्तर लावला, तोंडानं आकडे पुटपुटत होतो.

"ते खाली उभे आहेत ते तुमच्याबरोबर आले आहेत का?" बाईंनी विचारलं.

खाली रस्त्यावर पोपटशेठ आणि मोटरसायकलवाले माना वर करून उभे. एक जण मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होता.

"बरोबर नाही," मी म्हणालो, "मागे आहेत."

बाई फार सभ्य. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी अठ्ठावन्नचा कॅमेरा हातात घेतला, पन्नास मिलिमीटरचं भिंग त्याला बसवलं आणि समजवायला लागल्या. "आता हे नीट लक्षात ठेवा हं. खिडकीत सगळं दिसतं, पण आतमध्ये जी पांढरी चौकट दिसते ना, ती म्हणजे..."

आणि माझा फोन वाजला.

"साहेब, मोजनी चालूय ना? व्हिडिओ बघितला आत्ताच. पंच्याऐंशी शिल्लक राहिलं तर आमाला कळवा."

त्याच्याशी डोकं फोडून फोन ठेवला तोवर बाई कॉफी करायला आत गेल्या होत्या. पांढरी चौकट राहिली ती राहिलीच.

निघायच्या आधी वसंताला फोन केला. तो म्हणाला, "पन्नासच्या भिंगाला बहात्तरच घे, गाढवा." त्याला सगळं माहीत होतं हो. पण मला तो आकडाच नकोसा झाला होता! बहात्तर म्हटलं की आप्पांचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. मला कुणाच्याही सातबाऱ्याला न चिकटलेला आकडा हवा होता. आणि खिडकीतून सगळं दिसत असताना कमी कशाला बघायचं? मी अठ्ठावन्न घेतला. बाईंनी कपाटातला एक रोलही आठवणीनं घालून दिला.

घाट उतरून टपरीवर आलो तर जत्रा जमलेली. आप्पा, आप्पांच्या घरचे, वाडीतली पंधरावीस माणसं, मोटरसायकलवाले, आणि सगळ्यांत पुढे पोपटशेठ.

मी गाडीतून उतरून कॅमेरा डोक्यावर धरला. "हा बघा! हा कॅमेरा! ह्याच्या खिडकीचा आकडा म्हणजे तुमचं ते पॉइंट बहात्तर! आणि मी तो पण घेतला नाही, अठ्ठावन्न घेतलाय! झालं समाधान?"

आप्पांनी कॅमेरा हातात घेतला, मागून पुढून बघितला. "कॅमेरा तर हाय," ते हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडावर जरा उजेड आला. मला हायसं वाटलं.

पण पोपटशेठ कच्चे नव्हते. "कॅमेरा हाय तर मंग काडा की आमचा फोटू."

"काढतो! उभे राहा सगळे!"

डोंगराला पाठ करून सगळे उभे राहिले. पोरं पुढे बसली. आप्पा एका टोकाला, त्यांची बायको दुसऱ्या टोकाला. पोपटशेठ अर्थातच मधोमध, आणि दोन पावलं पुढे. त्यांनी दोन्ही हात पसरले, जसा काही मागचा डोंगर ते स्वतःच्या हातानं आणून ठेवत होते. त्यामुळे शेजारचे आणखी लांब सरकले.

मी डोळा लावला. काय सांगू, खिडकीत सगळे! पोरांच्या पायांपासून डोंगराच्या शेंड्यापर्यंत, ह्या टोकाच्या आप्पांपासून त्या टोकाच्या त्यांच्या मंडळींपर्यंत, एकही माणूस बाहेर नाही. नोकरीत सगळ्यांना एका हद्दीत आणणं मला कधी जमलं नव्हतं. मधे एक लहानशी पांढरी चौकट दिसत होती, तिच्यात पोपटशेठ. मला वाटलं, ती नेम धरायला असेल. मुख्य माणूस त्यात ठेवत असतील. पॅचमधले दोन पोपटशेठ एकमेकांवर आणले, त्यांचा एकच केला, आणि बटण दाबलं. आणखी एकदा दाबलं.

"दावा," पोपटशेठ म्हणाले.

"काय?"

"फोटू. दावा की कसा आलाय."

"ह्यात दिसत नाही. ह्यात रोल असतो. धुवावा लागतो."

सगळ्यांनी कॅमेऱ्याची पाठ बघितली. काळी, कोरी. मोटरसायकलवाल्या एका पोरानं तिच्यावर बोट सरकवूनही बघितलं.

"मंग कदी दिसंल?"

"होईल आठवडाभरात."

पोपटशेठ वळून सगळ्यांना म्हणाले, "ऐकलं? आटवडा! तवर खरेदीखत हुतंय."

आप्पांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा बरणी पुसायला गेले.

मी तिथून थेट पौडला वसंताकडे गेलो. म्हटलं, बाबा, हातातलं सगळं टाक आणि हा रोल धू. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. वसंता अजून घरीच रोल धुतो, न्हाणीघरात. त्यानं दोन-तीन दिवसांत प्रिंट काढली आणि मला बोलावलं. मी गेलो तर तो प्रिंट हातात घेऊन चष्मा वर-खाली करत बसलेला.

"हा कोण?"

"पोपटशेठ."

"आणि बाकीचे?"

"कुठले बाकीचे?" मी प्रिंट हातात घेतली.

प्रिंटभर पोपटशेठ होते. गुडघ्यापासून वर, पांढरेशुभ्र, दोन्ही हात पसरलेले, मागे सोन्यासारख्या उन्हात डोंगर. डाव्या हाताच्या बोटापाशी कुणाचं तरी अर्धं कोपर. बस! आप्पा नाहीत, त्यांची मंडळी नाहीत, पोरं नाहीत, वाडी नाही. दुसरी प्रिंट बघितली. पुन्हा पोपटशेठ. ह्यात कोपरही नव्हतं.

वसंता इतका हसला की त्याला खोकल्याची ढास लागली. "अरे, ती पांढरी चौकट म्हणजेच फोटो! तिच्या बाहेरचं फक्त बघायला असतं! अठ्ठावन्नच्या खिडकीत पन्नासची चौकट एवढीशीच असते, म्हणून तर सांगत होतो, बहात्तर घे! आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी दाखवल्यास, आणि..."

"पुरे," मी म्हणालो.

आता मला सांगा, ही प्रिंट घेऊन मी आप्पांकडे कुठल्या तोंडानं जाणार? मी आणि एजंट काही ठरवून बसलो नाही हे पटवायचं होतं, आणि पुरावा काय, तर एजंट जमिनीपुढे हात पसरून उभा! पण न जाऊन तरी काय करणार? शुभा म्हणाली, "जा. ह्याच्यापेक्षा वाईट काय होणार आहे?" तिच्या बोलण्यात दम असतो.

गेलो. प्रिंट आप्पांच्या हातात ठेवली.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. मग उन्हात नेऊन बघितली. मग उलटी करून मागे बघितलं, तिथे आपण आहोत का म्हणून.

"आमी कुटं हाय?"

"आप्पा, तुम्ही हद्दीच्या बाहेर गेलात," मी म्हणालो. दुसरा शब्द आलाच नाही तोंडात. मग सगळं सांगितलं. खिडकी, चौकट, अठ्ठावन्न, बर्वेबाई, मधेच वाजलेला फोन. सांगता सांगता आवाज बसला माझा.

आप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते हो! डोळ्यांतून पाणी येईतो हसले. बायकोला हाक मारून प्रिंट दाखवली. तीही पदर तोंडाला लावून हसली.

"पटलं सायेब," आप्पा म्हणाले. "आता पटलं. तुमी जमीन घेनार न्हाई."

"का बरं?"

"ज्याला ईस मानसं फोटूत बसवाया येत न्हाईत, त्यो जमिनीचा येव्हार काय बसवनार!"

अपमान होता, पण गळ्यात पडावंसं वाटलं मला. चहा आला. दोन कप प्यालो. ती प्रिंट आप्पांनी टपरीत खिळ्याला लावून ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. दोन दिवसांनी पोपटशेठ आले आणि काढून घेऊन गेले. म्हणाले, असा फोटो त्यांचा आजवर कुणी काढला नव्हता.

मला वाटलं, संपलं. फोन बंद झाले. वॉचमन पुन्हा चुलत्याच्या बांधावर आला. मी कॅमेरा कपाटात ठेवला.

मग एका रविवारी शुभाला घेऊन पिरंगुटला निघालो होतो. वळणावर ती म्हणाली, "अहो, थांबा थांबा. ते बघा."

दुमजली घराएवढा फ्लेक्स. त्यावर पोपटशेठ. गुडघ्यापासून वर, दोन्ही हात पसरलेले, मागे सोन्याच्या उन्हात डोंगर. वर मोठ्या अक्षरांत 'निसर्गाच्या कुशीत आपला हक्काचा प्लॉट'. आणि खाली कोपऱ्यात, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत: 'छाया - मोजणीवाले साहेब'.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"फोटो मात्र चांगला आलाय हो," शुभा म्हणाली.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. मी उचलणार नव्हतो. शुभानं उचलून माझ्या कानाला लावला.

"मोजणीवाले साहेब का? पिरंगुटचा फ्लेक्स तुमचाच ना?"

"हे बघा," मी म्हणालो, "मला जमिनीतलं काही माहीत नाही. माझ्याकडे बहात्तर नाही, पंच्याऐंशी नाही. मी दमलोय."

"जमिनीचं न्हाई वो साहेब. आमचे दादा औंदा झेडपीला उभे ऱ्हातायत. कुटला बी फोटू काडा, दादांच्या दोन्ही अंगाला चार-चार जण घुसत्यात. फ्लेक्सवर कोन मोटा त्येच कळत न्हाई. आन वाडीवर कळलं, तुमी त्या पोपटशेठच्या कडंची ईस मानसं काय सफाईनं उडीवली! खुनाच न्हाई! लई फोटूवाले बगितले साहेब, पर असा हात न्हाई बगितला. आमच्या दादांचा बी असाच काडून द्याल का?"

आयुष्यात माझ्या कामाचं इतकं कौतुक पहिल्यांदाच कुणी केलं होतं.

मी काय म्हणालो असेन? "सकाळी येतो," म्हणालो. "आणि त्यांना सांगा, हात पसरून उभे राहा."